पास, पॅसेंजर आणि लीड्सचा ‘बुस’ : इंग्रजीभाषकांचे प्रांतोप्रांतीचे उच्चार

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची, सध्या नोकरीनिमित्त लीड्सला. इथे यॉर्कशरमध्ये बसला ‘बुस’, कपाला ‘कुप’ आणि आईला ‘मुदर’ म्हणणारे लोक रोज भेटतात. गवत म्हणजे ‘ग्रॅस’, नाच म्हणजे ‘डॅन्स’, आंघोळ म्हणजे ‘बॅथ’. दोनेकशे मैल खाली लंडनला उतरलं की हेच शब्द बस, कप, मदर, ग्रास, डान्स, बाथ होतात. नव्याने आलेल्या आपल्या माणसांना वाटतं की उत्तरेकडचे लोक गावंढळ किंवा निष्काळजी बोलतात. तसं अजिबात नाही. यामागे पक्की व्यवस्था आहे. ती कळली की समोरच्याचं सगळं बोलणं उलगडत जातं, म्हणून हा धागा काढतेय.

मुख्य गोष्ट अशी की शब्द सुटेसुटे बदलत नाहीत. त्यांचे गट असतात आणि अख्खा गट एकत्र हलतो. जो ‘कुप’ म्हणतो तो ‘लुव्ह’ आणि ‘सुन्डे’ही म्हणणारच. जॉन वेल्स या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९८२ साली या गटांना नावं दिली, प्रत्येक गटाला त्याच गटातल्या एका शब्दाचं : बाथ गट, ट्रॅप गट, फूट गट, स्ट्रट गट वगैरे. आजही या विषयावर बोलणारे हीच नावं वापरतात, मीही पुढे तीच वापरेन.

उत्तरेतला ‘कुप’ हा जुना उच्चार आहे. कप आणि पुट या दोन्ही शब्दांत एके काळी सगळीकडे उ हाच स्वर होता. सतराव्या शतकात दक्षिणेत तो फुटला. कप, लव्ह, मदर यांत अ झाला आणि पुट, पुश, बुल, फुल यांत उ तसाच राहिला. उत्तरेत ही फूट पडलीच नाही. बाथ गटाचंही तसंच. पूर्वी सगळ्यांचाच स्वर आखूड होता. फ, थ, स यांच्या आधी आणि न पुढे दुसरं व्यंजन असेल तिथे (चान्स, ब्रांच) दक्षिणेने तो हळूहळू लांबवला. गंमत म्हणजे लंडनच्या जॉन वॉकर यांनी १७९१ साली उच्चारकोश काढला, तेव्हा त्यांना हा लांब ‘आ’ असंस्कृत वाटत होता. पुढे शंभर वर्षांत तोच सभ्यतेची खूण ठरला.

सीमा कुठे? पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून पूर्वेला वॉशच्या आखातापर्यंत एक तिरकी रेघ ओढा, ढोबळ सीमा ती. लीड्स विद्यापीठाने हॅरल्ड ऑर्टन यांच्या नेतृत्वाखाली १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी जाऊन बोलींची पाहणी केली. मुद्दाम खेड्यांतली म्हातारी माणसं निवडली. प्रश्नही असे की विचारणाऱ्याच्या तोंडून तो शब्द येऊ नये. वस्तू दाखवायची किंवा वर्णन करायचं आणि ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असं विचारायचं. उत्तरं ध्वनिलिपीत टिपून घ्यायची. आज आपण जे नकाशे बघतो त्यांचा पाया ही पाहणी आहे.

आता आपल्याकडे बघा, कारण खरा आनंद मला इथे झाला. आपण ‘पास’ म्हणतो पण ‘पॅसेंजर’ म्हणतो. ‘चान्स’ म्हणतो पण ‘स्टँड’ म्हणतो. क्लास, ग्लास, फास्ट, लास्ट, मास्तर, हाफ तिकीट, बाथरूम, डान्स यांत आ. गॅस, बँक, बॅट, मॅच, हँडल यांत ॲ. ही वाटणी थेट दक्षिण इंग्लंडची आहे! लंडनचा माणूसही पास आणि पॅसेंजर अशीच फोड करतो. ‘गॅस’मध्ये स असूनही त्याचा आ होत नाही, आपणही करत नाही. स्पेलिंगमधून हे कळायला काही मार्ग नाही, अक्षर तर तेच आहे. माझं अनुमान असं की हे शब्द मराठीत येताना कानाने आले आणि ज्यांच्या तोंडून आले त्यांचं वळण दक्षिणेचं होतं. देवनागरीत ॲ लिहायची सोय असल्यामुळे तो भेद आपल्या लिखाणातही स्पष्ट दिसतो.

तुम्ही जिथे असाल तिथे काय ऐकू येतं ते लिहा. शक्यतो ‘अमुक शब्द बरोबर कसा’ यापेक्षा ‘अमुक गावचे लोक कसा म्हणतात’ असं लिहिलंत तर धागा समृद्ध होईल.

---

निळावंती

फार सुंदर लिहिलंय. पास आणि पॅसेंजर आजवर हजारदा म्हटलं असेल, कधी लक्षात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

अप्पा गिरगाव

लेख अभ्यासपूर्ण आहे. तरी एक मतभेद नोंदवतो. मी निवृत्त इंग्रजी शिक्षक. आमच्या पिढीने डॅनिअल जोन्स यांचा उच्चारकोश उशाशी ठेवून उच्चार शिकले. भाषेला एक प्रमाण उच्चार असतोच आणि असायलाच हवा. यॉर्कशरचा शेतकरी ‘बुस’ म्हणतो म्हणून आम्ही वर्गात दोन्ही चालतं असं सांगायचं का? मराठी शाळेत ‘पानी’ आणि ‘पाणी’ दोन्ही चालेल असं आपण सांगत नाही. मुलांना एक पक्का धागा हातात द्यावा लागतो, नाहीतर ती कुठलंच नीट बोलत नाहीत. हे मी वर्गातल्या अनुभवावरून आणि पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

---

गोदातीर

>> भाषेला एक प्रमाण उच्चार असतोच <<

अप्पा, तुमचा मुद्दा मी हलक्याने घेत नाही. पण जोन्स यांनी स्वतः काय म्हटलं ते बघा. १९१७ च्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी या उच्चाराला ‘पब्लिक स्कूल उच्चार’ असंच नाव दिलं होतं. दक्षिण इंग्लंडमधली ज्यांच्यातले पुरुष मोठ्या निवासी खाजगी शाळांत शिकलेले असतात अशी कुटुंबं घरात कशी बोलतात, त्याची ती नोंद होती. ‘रिसीव्हड’ (म्हणजे मान्य) उच्चार हे नाव त्यांनी नंतर, १९२६ पासून वापरलं. म्हणजे तो एका छोट्या वर्गाचा उच्चार, आणि तो बोलणारे लोक देशात नेहमीच थोडे होते.

बीबीसीनेही १९२६ साली उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली आणि निवेदकांच्या तोंडून हाच उच्चार देशभर गेला. १९४१ मध्ये, युद्ध चालू असताना, विल्फ्रेड पिकल्स या हॅलिफॅक्सच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. हॅलिफॅक्स इथून जवळच. त्यांनी यॉर्कशरच्या वळणाने बातम्या वाचल्या आणि शेवटी ‘गुड नीट’ म्हणून निरोप घेतला, तर तक्रारींचा पाऊस पडला. बातमी तीच, माणूस याच देशाचा, तरी लोकांना ती खरी वाटेना. मला हे फार दुखावणारं वाटतं, कारण आजही इथल्या मुलाखतींत याची सौम्य आवृत्ती चालते.

वर्गात काय शिकवावं हा वेगळा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे, त्यावर इतरांचंही ऐकूया.

---

यारा_मेलबर्न

ऑस्ट्रेलियाची भर घालते. इथे बाथ, ग्रास, क्लास सगळीकडे लांब आ आहे, त्यामुळे आपल्याला घरच्यासारखं वाटतं. पण न असलेले शब्द आले की गडबड. डान्स, चान्स, प्लांट हे शब्द मेलबर्न, सिडनीकडे बरेच लोक ‘डॅन्स’, ‘चॅन्स’, ‘प्लॅन्ट’ असे म्हणतात आणि ॲडलेडकडे ‘डान्स’ जास्त ऐकू येतो. ‘कॅसल’ शब्दाचं तर आणखी वेगळं : न्यू साउथ वेल्समधलं न्यूकासल आ लावून म्हणायचं आणि आमच्या व्हिक्टोरियातलं कॅसलमेन ॲ लावून. तिथल्या माणसासमोर ‘कासलमेन’ म्हटलं तर तो लगेच ओळखतो की हे बाहेरचे. गावाच्या नावाबाबत लोक फार हळवे असतात, आपल्याकडेही असतातच.

---

हडसनपार

न्यू जर्सीहून. तुम्ही स्वरांवर लिहिलंत, मी र बद्दल लिहितो. माझ्या मते इंग्रजीतली सगळ्यात मोठी दुभंगरेषा र ची आहे.

कार, फोर, वॉटर, पार्क या शब्दांत स्वरानंतर येणारा र म्हणायचा की गिळायचा? लंडनमध्ये अठराव्या शतकात तो पुसट होत गेला, वर ज्यांचा उल्लेख आलाय त्या वॉकर यांनीही लंडनचा र किती मऊ झालाय हे नोंदवलं आहे. आज इंग्लंडच्या बहुतेक भागांत तो नाही. पण स्कॉटलंड, आयर्लंड, नैर्ऋत्य इंग्लंड (डेव्हन, कॉर्नवॉल, ब्रिस्टलकडचा पट्टा) आणि लँकशरमध्ये ब्लॅकबर्नच्या आसपासच्या टापूत तो टिकून आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी र ठणठणीत. अपवाद बॉस्टन, न्यू यॉर्क आणि दक्षिणेतला जुना मळ्यांचा किनारी भाग. बॉस्टनचा ‘पाक द का’ सगळ्यांना माहीत असेल.

न्यू यॉर्कवर भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव्ह यांनी १९६२ साली केलेला अभ्यास मला फार आवडतो. त्यांनी तीन मोठी दुकानं निवडली : श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गाचं मेसीज आणि स्वस्तातलं एस. क्लाइन. आधी कुठली वस्तू चौथ्या मजल्यावर आहे हे बघून घ्यायचं आणि मग विक्रेत्यांना तीच वस्तू कुठे मिळेल असं विचारायचं. उत्तर अर्थात ‘फोर्थ फ्लोअर’. या दोन शब्दांत र च्या दोन जागा. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, म्हणजे तोच माणूस सावकाश, जपून बोलताना काय करतो तेही कळतं. समोरच्याला आपल्या बोलण्याची तपासणी चाललीय याचा पत्ताही नाही. अशी २६४ माणसं. सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी सगळीकडे किंवा एखाद्या ठिकाणी तरी र उच्चारला, मेसीजमध्ये ५१ टक्के, क्लाइनमध्ये सुमारे २० टक्के. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर र वाढला.

हे विक्रेते काही स्वतः श्रीमंत नव्हते. ज्या गिऱ्हाइकांमध्ये वावरतात त्यांचं वळण त्यांनी उचललं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू यॉर्कमध्ये र म्हणणं प्रतिष्ठेचं झालं, आणि इंग्लंडमध्ये त्याच वेळी र म्हणणारा माणूस खेडवळ समजला जायचा. ध्वनी तोच! त्यामुळे अप्पांना मला नम्रपणे विचारायचंय की यातला प्रमाण कोणता धरायचा?

---

ह्यूस्टनकर

आमच्याकडे टेक्सासात पेन आणि पिन एकच. म्हणजे म न यांच्या आधीचा ए आणि इ एकत्र झालेत. टेन आणि टिन, जेम आणि जिम, सगळं सारखं. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत हे आहे. त्यामुळे लोक फोड करून सांगतात, लिहायचं ते ‘इंक पेन’. ऑफिसात ‘कॅन आय बॉरो अ पिन’ असं ऐकलं तर टाचणी शोधू नका.

---

क्लाइडकाठचा डॉक्टर

ग्लासगोतल्या रुग्णालयात काम करतो. इथे येणाऱ्या आपल्या तरुण डॉक्टरांना पहिले काही आठवडे फार जड जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कॉटिश इंग्रजी हे लंडनच्या इंग्रजीचं बिघडलेलं रूप नाही. तिची स्वरव्यवस्थाच वेगळी आहे. काही बाबतींत ती साधी आहे. ‘पुल’ (ओढणे) आणि ‘पूल’ (तलाव) यांत इथे फरक नाही. ‘कॉट’ आणि ‘कॉऽट’ म्हणजे पकडला, यांतही नाही. काही बाबतींत उलट ती जास्त भेद करते. फर्न ही वनस्पती, फर हे झाड आणि फर म्हणजे प्राण्याची लव, हे तिन्ही शब्द लंडनला एकाच स्वराने म्हणतात. इथली जुनी माणसं ‘फेर्न’, ‘फिर’, ‘फर’ असे तीन वेगळे स्वर लावतात, म्हणजे स्पेलिंगमध्ये जे लिहिलंय ते इथे अजून बोललं जातं. तसंच व्हेल मासा आणि वेल्स प्रांत. मासा म्हणताना सुरुवातीला हवेचा फुंकरासारखा ह येतो, ‘ह्वेल’. तरुणांमध्ये हा भेद कमी होतोय.

आपल्या लोकांना र सोपा जातो, कारण आपणही तो म्हणतो. ‘गर्ल’ आणि ‘वर्ल्ड’ मात्र इथे जवळजवळ दोन अक्षरांचे होतात, ‘गिरल’, ‘वरल्ड’. सगळ्यात अवघड जातो तो मधला ट. ‘वॉटर’, ‘बटर’, ‘बेटर’ यांतला ट घशात अडवून सोडतात : ‘वॉ-अर’, ‘ब-अर’. रुग्ण ‘बे-अर’ म्हणाला तर बरं वाटतंय असं समजायचं. लंडनच्या कामगार वस्त्यांतही हे चालतं, त्यामुळे एकदा कान तयार झाला की दोन्हीकडे उपयोगी.

आता एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट. ग्लासगोच्या कामगार वस्त्यांतल्या तरुणांचा र पुसट होत चालला आहे, ग्लासगो विद्यापीठात त्यावर अभ्यास झालेत. त्याच शहरातल्या मध्यमवर्गाचा र मात्र ठाम आहे. म्हणजे ‘स्कॉटलंडमध्ये र म्हणतात’ हे विधानही वस्तीनुसार, वयानुसार तपासून घ्यावं लागतं.

माझा सल्ला असा की रुग्ण काय म्हणाला ते कळलं नाही तर तसं स्पष्ट सांगा आणि पुन्हा विचारा. लोकांना त्याचा राग येत नाही. न समजता मान डोलावली तर औषधाची मात्रा चुकू शकते, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये.

---

निळावंती

डॉक्टर, ‘बे-अर’ वाचून फार उपयोग झाला. भाचा पुढच्या महिन्यात ॲबर्डीनला जातोय, त्याला हा धागा पाठवते.

---

लेक ऑन्टारियो

टोरांटो. कॅनडाचे लोक ‘अबूट’ म्हणतात अशी थट्टा अमेरिकेत करतात, पण नीट कान देऊन ऐकलं तर तो ‘ऊ’ नाही. ‘आउ’ या जोडस्वराची सुरुवात जिभेच्या वरच्या जागेवरून होते, साधारण ‘अउ’. आणि तीही फक्त प, ट, क, स यांसारख्या अघोष व्यंजनांच्या आधी. अबाउट, आउट, हाउस यांत ‘अउ’, पण लाउड, काउ यांत ‘आउ’च. एकाच माणसाच्या तोंडी, एकाच वाक्यात दोन्ही. राइट आणि राइड यांतही हाच फरक. जॅक चेंबर्स यांनी १९७३ साली याला ‘कॅनेडियन रेझिंग’ हे नाव दिलं.

लबाव्ह यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिन्यर्ड नावाचं बेट आहे, तिथेही असाच वर चढलेला स्वर आहे. लबाव्ह यांनी १९६३ साली दाखवलं की उन्हाळ्यात येणाऱ्या पर्यटकांमुळे बेट हातातून जातंय अशी खंत असलेल्यांत, विशेषतः चिलमार्कच्या मच्छीमारांत, तो जास्त ठळक होता. ज्यांना बेट सोडून जायचं होतं त्यांच्यात तो कमी. माणूस आपली जागा स्वरातून धरून ठेवतो. मला वाटतं परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हे आतून समजेल.

---

कृष्णाकाठ

मी साताऱ्यातून वाचतोय. परदेशात गेलेलो नाही, पण विषय रोजच्या कामाचा आहे. आमच्या ऑफिसात शेड्यूल की स्केज्यूल, व्हिटामिन की व्हायटामिन, रूट की राउट, ईदर की आयदर यावर कायम वाद होतात. याचा निकाल कसा लावायचा?

---

गोदातीर

कृष्णाकाठ, हे बहुतेक अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातले सुटे शब्द आहेत. शेड्यूल, व्हिटामिन, रूट ही ब्रिटिश वळणं. स्केज्यूल, व्हायटामिन ही अमेरिकन, पण रूट आणि राउट अमेरिकेत दोन्ही चालतात. ईदर आणि आयदर दोन्ही देशांत ऐकू येतात, ब्रिटनमध्ये आयदरकडे कल जास्त. झेड आणि झी, लेफ्टनंट आणि लूटेनंट हेही त्याच प्रकारातले. असे शब्द पाठ करता येतात, त्यामुळे लोक त्यांच्यावर फार वाद घालतात, पण समजण्यात अडथळा त्यांच्यामुळे क्वचितच येतो. ऑफिसात जो कुणी जे म्हणतो ते म्हणू द्यावं.

‘टोमॅटो’ मात्र बघण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये ‘टमाटो’, अमेरिकेत ‘टमेटो’ आणि आपला ‘टोमॅटो’ दोघांपेक्षा वेगळा. तो कसा आला यावर कुणाचा अभ्यास असेल तर जरूर लिहा.

---

लागन_बेलफास्ट

थोडक्यात लिहितो. उत्तर आयर्लंडमध्ये आठव्या अक्षराचं नाव ‘एच’ की ‘हेच’ यावरून माणूस प्रोटेस्टंट आहे की कॅथलिक याचा अंदाज बांधतात. ‘हेच’ हे सहसा कॅथलिक शाळांतलं वळण. संघर्षाच्या काळात अनोळखी वस्तीत हे अक्षर म्हणून दाखवायची वेळ येणं जिवावर बेतू शकत होतं, असं इथले जुने लोक सांगतात. उच्चार ही किरकोळ बाब आहे असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

---

मनुकाऊ

ऑकलंडहून लिहिते. न्यूझीलंडचं सगळं समजायला एकच साखळी पुरते. ‘पॅन’ वर सरकून ‘पेन’सारखा ऐकू येतो. मग ‘पेन’ला जागा हवी म्हणून तो ‘पिन’सारखा होतो. आणि ‘पिन’ मागे सरकून ‘पन’ होतो. एकाने दुसऱ्याला ढकललं. म्हणून फिश अँड चिप्सचं ‘फश अँड चप्स’ आणि सिक्सचं ‘सक्स’. विमानतळावर ‘चेक-इन’ हे नवख्याच्या कानाला हुबेहूब ‘चिकन’ लागतं. शेजारच्या ऑस्ट्रेलियात ‘फिश’चा इ उलट वर चढून ‘फीश’कडे झुकतो, म्हणून हे दोन शेजारी एका शब्दात एकमेकांना ओळखतात.

शिवाय इथे बऱ्याच लोकांत ‘बेअर’ आणि ‘बिअर’ एक झालेत, तसेच ‘एअर’ आणि ‘इअर’, ‘चेअर’ आणि ‘चीअर’. संदर्भावरून कळतं, रोजच्या व्यवहारात अडत नाही.

साखळीची कल्पना अमेरिकेतही लागू पडते. शिकागो, डेट्रॉइट, बफेलो या सरोवरांकाठच्या शहरांत ‘ब्लॉक’ हा ‘ब्लॅक’सारखा आणि ‘बस’ हा ‘बॉस’सारखा ऐकू येऊ शकतो, कारण तिथेही स्वरांनी एकामागोमाग जागा बदलल्या. तिथल्या तरुण पिढीत मात्र हे आता मागे हटतंय.

---

स्वराली_पुणे

अप्पांच्या प्रश्नाकडे येते. परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्यांना मी प्रशिक्षण देते. सुरुवातीला ज्या कंपनीत होते तिथे मुलांना अमेरिकन उच्चार घोकून घ्यायला लावायचे. वॉटरचं ‘वॉडर’, बॉक्सचं ‘बाक्स’. मुलं दिवसभर अवघडून बोलायची आणि तरीही ग्राहकाला कळायचं नाही, कारण अडचण भलतीकडेच होती.

मराठी माणसाचं इंग्रजी बाहेर नक्की कुठे अडतं ते सांगते. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क इंग्रजीभाषक हवेचा झोत सोडून म्हणतात, जवळजवळ महाप्राण. आपला प कोरडा, त्यामुळे आपला ‘पार्क’ त्यांना ‘बार्क’ ऐकू येऊ शकतो. ‘व्ह’ आणि ‘व’ हे आपण लिहिताना वेगळे लिहितो, व्हॅन आणि वॉर्ड, पण बोलताना बरेचजण एकच करतात. इंग्रजीभाषकाच्या कानाला ते दोन पूर्ण वेगळे ध्वनी आहेत. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आघात. ‘हॉटेल’, ‘डेव्हलप’, ‘कमिटी’ यांत जोर दुसऱ्या अक्षरावर आहे. आपण तो पहिल्यावर टाकला किंवा सगळीकडे सारखाच ठेवला की ऐकणारा शब्दच ओळखत नाही. आघातातही प्रांतभेद आहेतच. कॅफे, बॅले, गराज यांत अमेरिकन जोर शेवटी देतात, ब्रिटिश बहुधा सुरुवातीला. पण असे शब्द मोजके.

त्यामुळे मी वर्गात ‘क्लास’चा आ किंवा ‘कार’चा र यांना हात लावत नाही. आपला आ लंडनशी जुळतो, आपला र अमेरिकेशी आणि स्कॉटलंडशी जुळतो, दोन्ही सगळीकडे समजतात. प, ट, क मधली हवा, व्ह आणि व, आणि आघात, एवढ्यावर मेहनत घेते. ऐकण्याचा सराव मात्र लीड्स, ग्लासगो, ह्यूस्टन, ऑकलंड असा सगळीकडचा देते. बोलायला एक वळण पुरतं, ऐकायला अनेक लागतात.

---

अप्पा गिरगाव

स्वराली, शेवटचं वाक्य पटलं. वर्गात बोलायला एक वळण द्यावं हे माझं मत कायम आहे. पण ऐकण्यासाठी आम्ही मुलांना काहीच दिलं नाही हे खरं, कारण त्या वेळी आमच्याकडे साधनही नव्हतं. हडसनपार यांच्या प्रश्नाचं उत्तर : मी भारतातल्या मुलांना र उच्चारायला सांगेन. तो आपल्या सर्व भाषांत आहे आणि त्याने शब्द स्पष्ट होतो.

---

हडसनपार

अप्पा, मान्य. तुम्ही निवडीचं कारण दिलंत, तेच हवं होतं.

---

नेन नदी

मी पीटरबरोला राहतो. गोदातीर यांनी जी रेघ सांगितली ती आमच्या अगदी दारावरून जाते, म्हणून भर घालतो. नकाशावर ती रेघ दिसते, जमिनीवर तो पट्टा आहे. पूर्वेकडच्या फेन्स या सखल, पाणथळ भागातल्या नोंदी चेंबर्स (वर आलेलेच) आणि पीटर ट्रजिल यांनी तपासल्या, तेव्हा तिथे दोन प्रकारचे लोक सापडले. काही जण ‘कप’ म्हणतात पण एखादा दुसरा शब्द उ लावून म्हणतात, म्हणजे मिश्र. आणि काही जण अ आणि उ यांच्या मधला तिसराच स्वर काढतात, जो ना उत्तरेचा ना दक्षिणेचा. माझ्या शेजारच्या आजी असाच काढतात. ‘बस’ म्हणतात की ‘बुस’ हे मला आजही सांगता येत नाही, देवनागरीत त्याला अक्षर नाही.

---

गोदातीर

हे फार मोलाचं आहे! आजींची परवानगी घेऊन बस, कप, मंडे, लव्ह, पुट, बुक असे शब्द फोनवर ध्वनिमुद्रित करता येतील का? प्रत्येक शब्द वाक्यात येऊ द्या, सुटा वाचायला दिला तर माणूस जपून बोलतो. बर्मिंगहॅम किंवा नॉर्थॅम्प्टनकडचं कुणी वाचत असेल तर त्यांनीही हेच शब्द पाठवावेत, म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही टोकांचं शेजारी ठेवून ऐकता येईल.